बहुरूपी

लहानपणी आमच्या गावात वर्षातून एकदा बहुरूपी यायचा. कधी फौजदार बनून, कधी एस.टी.चा चेकर, तर कधी वीजबिल थकलं म्हणून लाईन तोडायला आलेला वायरमन. खाकी कपडे, हातात छडी, आवाजात अशी जरब की आम्ही पोरं थेट माजघरात. मोठी माणसंही क्षणभर गडबडायची. आमची आजी मात्र ओसरीवर बसल्या बसल्याच हसायची. "फौजदाराच्या पायात तुटक्या वहाणा कशा रे बाबा?" असं म्हणायची आणि सुपात पसाभर तांदूळ घ्यायला उठायची.

आजीला पोलीसखात्याची काही माहिती होती अशातला भाग नाही. खरा फौजदार तिने आयुष्यात एकदोनदाच पाहिला असेल. पण न जुळणारी गोष्ट तिच्या नजरेला लगेच टोचायची.

आज आजीची आठवण यायचं कारण वेगळंच आहे. लहान मुलांचा डॉक्टर म्हणून काम करायला लागून मला पंचवीस वर्षं होत आली. सुरुवातीची वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात आणि नंतरची सगळी रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. परवा रात्रपाळीत चहा पिताना एका ज्युनियर डॉक्टरने विचारलं, "सर, इमर्जन्सीत मुलांमधले दुर्मिळ आजार ओळखायचे कसे? पुस्तकात हजारो नावं आहेत. लक्षात तरी किती ठेवणार?" मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. घरी येताना मात्र आजी आणि तो फौजदार डोळ्यांसमोर आले, आणि वाटलं की खरं उत्तर तिथेच आहे.

माझं मत असं झालंय की दुर्मिळ आजार बघायला मुळीच दुर्मिळ नसतो. तो उलटी, ताप, दम, पोटदुखी अशा रोजच्या कपड्यांतच कॅज्युअल्टीत येतो. त्याला पकडायला हजार नावं पाठ असायची गरज नाही, पायातल्या वहाणांकडे बघायची सवय हवी. आणि ही सवय आम्हाला कुणी मुद्दाम लावत नाही. उलट कॅज्युअल्टीतली गर्दी आणि घाई ती मोडून काढते.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं बोलायचा मला थोडातरी अधिकार राहील.

रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष. जुलैचा पाऊस, आणि दम लागलेल्या मुलांची दारापर्यंत रांग. एकाला नेब्युलायझरचा मास्क लावायचा, दुसऱ्याचा काढायचा, तिसऱ्याचा एक्स-रे बघायचा, असं दुपारपासून चाललेलं. त्यात एक नऊ वर्षांची मुलगी आली. भराभरा आणि खोल श्वास, दोन-तीन उलट्या, ओठ कोरडे. मी रांगेतल्या मागच्या दहा मुलांच्या केसपेपरवर लिहिलं होतं तेच हिच्याही लिहिलं: दमा. मास्क लावला.

तिला ताप नव्हता. छाती तपासली तर दोन्हीकडे हवा व्यवस्थित जात होती, शिट्टीसारखा आवाज कुठेच नाही. दम्याचा इतका जोर आणि छाती स्वच्छ, हे जुळत नव्हतं. वहाणा समोर होत्या! पण मी मनातल्या मनात त्याचंही उत्तर काढलं की सुरुवातीच्या औषधाने आवाज कमी झाला असेल. तिची आई मला म्हणाली, "डॉक्टर, ही गेले पंधरा दिवस माठ रिकामा करतेय. आणि एवढी मोठी झाली तरी परत अंथरूण ओलं करायला लागलीय. सासूबाई म्हणतात, आळशी झालीय."

मी म्हणालो, "ते नंतर बघू. आधी दम कमी होऊ दे."

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

तीनदा नेब्युलायझर झाला, स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं, तरी फरक शून्य. चार तासांनी रात्रीच्या सिस्टर आल्या, निवृत्तीला आलेल्या, फारसं न बोलणाऱ्या. मुलीची चादर नीट करायला वाकल्या आणि मला म्हणाल्या, "डॉक्टर, हिच्या तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येतोय. शुगर केलीय का?" ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' असं उमटलं. म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याच्याही वर. मुलीला मधुमेह होता, टाइप १. आणि त्यातली सगळ्यात धोक्याची अवस्था, डायबेटिक कीटोअॅसिडोसिस.

ज्यांना याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इन्सुलिन संपलं की रक्तात साखर भरपूर असूनही शरीराला ती वापरता येत नाही. मग ते चरबी जाळायला लागतं आणि त्यातून रक्तात आम्ल साठत जातं. ते बाहेर टाकायला फुप्फुसं खोल आणि वेगाने श्वास घेतात. म्हणजे तिची फुप्फुसं आजारी नव्हतीच, ती तिला वाचवायला राबत होती. आणि मी त्यांच्यावरच औषधोपचार करत होतो! वर स्टिरॉइड दिलं, ज्याने साखर आणखी वाढते.

त्या रात्री तिच्या मेंदूला सूज यायला लागली. पाच दिवस ती आयसीयूत होती. वाचली. सिस्टरमुळे आणि माझ्या वरिष्ठांमुळे वाचली, माझ्यामुळे नाही. तिच्या आईने कुठेही तक्रार केली नाही. फक्त नंतर वॉर्डात मी गेलो की ती माझ्याशी न बोलता सिस्टरांशी बोलायची. ते जास्त लागलं.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी टाइप १ मधुमेह झालेलं मूल जगत नसे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मुलं औषध नव्हतं म्हणून जायची. आज औषध फ्रीजमध्ये आहे, तरी एखादं मूल जातं, कारण कुणी बोटातला एक थेंब रक्त तपासून बघत नाही. मला हे सगळ्यात असह्य वाटतं.

आता दुसरी गोष्ट. यात मी शहाणा ठरलो, पण त्याचंही श्रेय माझं किती ते तुम्हीच ठरवा.

रायगडात आल्यावरची. श्रावणातली पहाट, पाच वाजले असतील. सात वर्षांचा मुलगा, पोट धरून कळवळत आलेला. दोन उलट्या. आदल्या दिवशी गावात पूजेचं जेवण होतं आणि आणखी दोघातिघांना जुलाब लागले होते. बाप सांगत होता, "बाधलंय डॉक्टर, सलाईन लावा." सगळं कसं चपखल बसत होतं. पोट तपासलं तर मऊ. इतकं दुखतंय आणि पोट मऊ, आणि जुलाब तर एकही नाही. मुलाच्या पापण्या जड. बाप म्हणाला, झोपमोड झालीय.

मागे दाराशी त्याची आजी उभी होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं. मी विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली, "ही झोप नाय वाटत. मगाशी पाणी दिलं तर नाकातून आलं."

पुढचा प्रश्न मी विचारला तो असा: रात्री हा झोपला कुठे होता? जमिनीवर, सतरंजीवर, उकडत होतं म्हणून.

मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. दात इतके बारीक की पुष्कळदा खूण सापडत नाही, दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे माणूस पोटदुखी आणि उलट्यांनी जागा होतो. मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. आम्ही टॉर्च घेऊन त्याचं अंग इंचाइंचाने तपासलं, काही सापडलं नाही. तरी सर्पदंशाची लस सुरू केली. साडेसहाच्या सुमाराला श्वास उथळ झाला. घशात नळी घालून, हाताने फुगा दाबत दाबत त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी व्हेंटिलेटरपर्यंत नेला. मण्यारीच्या विषात लस उशिरा पोचली तर झालेला लुळेपणा लगेच उतरत नाही, पण श्वास चालू ठेवला तर माणूस परत येतो. सहा दिवसांनी तो परत आला.

बरा झाल्यावर तो काय म्हणाला माहितीये? "डोळे उघडत नव्हते, पण मावशी रडत होती ते ऐकलं." मण्यार चावलेलं मूल बाहेरून मेल्यासारखं दिसतं, बाहुल्याही उजेडाला हलत नाहीत, आणि आत ते पूर्ण जागं असू शकतं. गाडीत आम्ही त्याच्या डोक्याशी बसून काय काय बोललो होतो ते आठवून मला घाम फुटला.

या दोन्ही गोष्टींत मला काही समान दिसतं. दोन्हीकडे निदान आधीच तयार होतं. पावसाळ्यात दमा, पूजेनंतर बाधणं. दोन्हीकडे एक गोष्ट त्या निदानात बसत नव्हती. आणि दोन्हीकडे ती गोष्ट घरातल्या बाईला ठाऊक होती. फरक इतकाच, की एका वेळी मी तिला गप्प केलं आणि दुसऱ्या वेळी विचारलं.

आमच्या शेजारच्या महाडचंच उदाहरण घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा कोकणात लाल विंचू चावून मुलं मरत होती. बाहेरून आलेल्या पुस्तकांत या विंचवाबद्दल कामाचं फारसं काही नव्हतं. त्यांनी खाटेशी बसून मुलं बघितली. दंशाच्या जागी असह्य कळा आहेत पण बाकी काही नाही, ते मूल बहुधा बरं होतं. ज्याला दरदरून घाम, उलट्या, लाळ, हातपाय गार, मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरपणा, त्याच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर संकट येणार. म्हणजे जास्त रडणारं मूल जास्त आजारी, हा आपला सगळ्यांचा समज इथे उलटा पडतो. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यांनी या मुलांसाठी वापरली आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते लिहिलं. त्या गोळीने विंचूदंशाच्या मृत्यूंचं चित्र बदललं. त्यांना पद्मश्री मिळायला मात्र २०२२ उजाडलं. असो. मुद्दा हा, की यात मोठं यंत्र कुठेच नव्हतं. घड्याळ, रक्तदाबाचा पट्टा आणि बघण्याची चिकाटी.

आता मला माहीत आहे, कुणीतरी म्हणणार, "डॉक्टर, ओपीडीत दीडशे मुलं असतात, कसलं बघत बसता?" खरं आहे. दीडशेपैकी एकशेपंचेचाळीस साधी सर्दी-जुलाबच असतात आणि प्रत्येकाला मण्यार शोधत बसलो तर खरा आजारी रांगेतच राहील. दुसऱ्या टोकाला काही चकचकीत रुग्णालयं आहेत, तिथे आल्या आल्या वीस तपासण्यांचं पॅकेज. मला ते सुद्धा न बघण्याचंच लक्षण वाटतं. काय शोधतोय हे माहीत नसलं की सगळंच तपासायचं, आणि मग सापडलेलं खरं की नुसता योगायोग, हे कळत नाही.

मी मागतो ते फार थोडं आहे. रांगेतलं प्रत्येक मूल नाही, पण जे मूल आजारी 'दिसतं' त्याच्यासाठी पाच मिनिटं. श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दोन महिन्यांखालच्या बाळाला ६०, वर्षाच्या आतल्याला ५० आणि पाच वर्षांपर्यंतच्याला ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे वेगवान. हे आरोग्यसेविकेला पाठ असतं आणि पुष्कळदा आम्ही डॉक्टर अंदाजपंचे लिहितो. बोटातून साखर बघा. सगळे कपडे काढून मूल डोक्यापासून पायापर्यंत बघा, कारण पुरळ, जखम, विंचवाच्या खुणा, सुजलेला अंडकोश हे कपड्याखाली असतं आणि पोटदुखीचं लेबल वर असतं. घरात काय काय आहे ते विचारा. अचानक फिट आलेल्या धडधाकट मुलाच्या घरी देव्हाऱ्याशी कापराची डबी उघडी सापडते, असं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तासाभराने परत बघा. आठ-दहा महिन्यांचं बाळ पाय पोटाशी घेऊन किंचाळतं आणि पाच मिनिटांत शांत होऊन मलूल पडतं. तुम्ही बघायला गेलात तेव्हा नेमकं ते शांत असतं. सगळे म्हणतात दात येतायत, वारा धरलाय. आतड्यात आतडं शिरलेलं असतं. सोनोग्राफीत दिसतं आणि वेळेत कळलं तर बहुतेकदा ऑपरेशनशिवाय सुटतं. पण ते कळतं दोनदा बघणाऱ्याला. दिलेल्या औषधाने जो फरक पडायला हवा होता तो पडला नाही, तर औषध वाढवण्याआधी केसपेपरवरचं निदान खोडायची तयारी हवी. ती खोडायला आम्हाला का कोण जाणे, फार जीवावर येतं.

आईवडिलांना 'परत बघा' म्हणायचा हक्क असावा, असं तर माझं ठाम मत आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये २००७ साली रायन सॉन्डर्स हा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा संसर्ग वेळेत न ओळखल्याने गेला. मुलगा जास्त आजारी होतोय असं आईवडील सांगत राहिले होते. त्याच्या नावाने तिथे २०१३ पासून नियम आहे की घरच्यांना चिंता वाटली तर ते स्वतंत्रपणे दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी मागू शकतात. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये अशीच गेली, आणि २०२४ पासून तिथेही 'मार्थाचा नियम' टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. आपल्याकडे असं काही मागितलं की "डॉक्टर तुम्ही की आम्ही?" असं ऐकावं लागतं.

प्रत्येक आई बरोबरच असते असं मी म्हणत नाही. मोबाईलवर वाचून भलत्याच आजाराचं नाव घेऊन येणारेही रोज भेटतात. आईने सांगितलेलं आजाराचं नाव चुकू शकतं. पण "हा असा नसतो" हे ती सांगते तेव्हा ते क्वचित चुकतं, कारण तो एरवी कसा असतो हे त्या खोलीत फक्त तिलाच माहीत असतं. पंचाईत अशी की बोलतो बाप किंवा सासरा, आणि आई मूल कडेवर घेऊन मागे उभी असते. तिला वेगळं विचारावं लागतं.

तुमच्यावर कधी वेळ आली (येऊ नये, पण आलीच) तर तीन गोष्टी नक्की सांगा. एरवीपेक्षा वेगळं काय दिसतंय, ते कधीपासून, आणि आधी काय औषध दिलंय, घरगुती असलं तरी न लाजता. आणि कुणी "ते नंतर बघू" म्हणालं, तर शांतपणे परत सांगा.

त्या नऊ वर्षांच्या मुलीनंतर मला एक सवय लागली. केसपेपरच्या पहिल्या ओळीत मी मराठीत लिहितो, 'आई म्हणते', आणि पुढे तिचं वाक्य तिच्याच शब्दांत. बाकी सगळं इंग्रजीत असल्यामुळे ती एक ओळ विचित्र दिसते आणि ज्युनियर मुलं तिला हसतात. परवा रात्री चहा संपवून वॉर्डात गेलो, तर प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराच्या हातात एक केसपेपर होता. त्याने सरळ निदानापासून सुरुवात केली होती. मी वरची मोकळी जागा बोटाने दाखवली. तो वैतागला थोडासा, पण आईकडे वळला.